चढलेले नाव

निपाणीत जत्राट वेशीच्या आतल्या अंगाला, पत्र्याच्या एका खोलीच्या उंबऱ्याशी बसून जयाबाई विड्या वळतात. मांडीवरच्या सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी असते. डाव्या गुडघ्याजवळ आणखी एक सूप असते. लहान, काठाला चिंधी शिवलेले. त्यात बहुधा काही नसते. गल्लीतून एखादी रिक्षा गाणे वाजवत गेली आणि ते नेमके ‘सुवर्णा आज आली न्हाय’ हेच असले, की जयाबाई हातातली विडी पुरी करतात आणि ती मोठ्या सुपाऐवजी लहान सुपात टाकतात. मान वर होत नाही, वळणे थांबत नाही. आधी कारखान्यात, मग इथे, चौतीस वर्षे हे असेच चालले आहे. गणपतीच्या दिवसांत लहान सूप दिवस मावळेपर्यंत भरते.

हे गाणे बेळगावपासून कागलपर्यंत कोणाला ठाऊक नाही असे नाही. वरातीत त्यावर नाचले जाते. प्रेयसी भेटीला आली नाही म्हणून झुरणाऱ्या तरुणाचे ते गाणे आहे, असा सर्वांचा समज आहे. ध्वनिफितीच्या वेष्टनावर रचनाकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापले होते आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीने तोच शब्द उतरवून घेतला. ते रचणारी बाई हयात आहे, ती दोन सुपे घेऊन उंबऱ्यात बसते आणि ते गाणे एकदाचे मिटावे एवढीच तिची इच्छा आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

जयाबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन निपाणीत आल्या, ते साल १९७२. नवरा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. दोन महिन्यांत त्या एका विडी कारखान्याच्या शेडमध्ये बसू लागल्या. दीडशे बायका ओळी धरून बसत. जयाबाईंच्या उजवीकडची जागा सुवर्णाची होती. पान साच्यावर धरून कसे कापावे, विडीचे तोंड नखाने कसे दुमडावे, दोरा किती ताणावा हे सुवर्णाने शिकवले. “माझा हात तिचाच हाय,” असे जयाबाई अजून म्हणतात.

त्या शेडमध्ये जागेला फार मोल होते. सलग तीन दिवस एखादीचे सूप रिकामे दिसले, की मेस्त्री हजेरीबुकातून तिचे नाव खोडी आणि तिच्या जागी दुसरीला बसवी. आजारपण, बाळंतपण, माहेरची मर्तिके यांना या नियमात सवलत नव्हती. बायकांनी त्यावर एक रीत काढली होती. जी आलेली नाही तिचे सूप तिच्या जागी मांडून ठेवायचे. जिच्या गळ्यावर शेडचा विश्वास होता ती गाणे धरी आणि गाण्यात गैरहजर बाईचे नाव घाली. नाव आले की प्रत्येकीने आपल्या हातातली एक विडी त्या सुपात टाकायची. दुपारपर्यंत रिकामे सूप भरलेले दिसे. मेस्त्रीला हे ठाऊक होते. तो त्या ओळीवरून जरा भराभर चालत असे. या रीतीला ‘नाव चढवणे’ म्हणत. बरीच वर्षे तो गळा जयाबाईंचा होता आणि गाण्याला आजचे रूपही त्यांनीच दिले.

पान भिजलं रातभर, सूप ऱ्हायलं रितं,
सुवर्णा आज आली न्हाय, तिचं कोण घेतं?

यावर बाकीच्या उत्तर देत, “मी घेतो गं, मी घेतो.” या भागातल्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘घेतो’, ‘जातो’ असेच म्हणतात. पुढे पुरुष गायकांना हे उत्तर आयते मिळाले. ‘सुवर्णा’च्या जागी मुळात कोणतेही नाव येई, आज यल्लव्वा, उद्या शामू. बाई कामावर परतली की नाव आपोआप उतरे. ती वारली, तर नाव तेराव्यापर्यंत ठेवत आणि त्या दिवशी ते रीतसर उतरवत. जिने चढवले तिनेच उतरवायचे, अशी अट होती. त्या दिवशी सकाळपासून मृत बाईचे नाव कोणी उच्चारायचे नाही. सूप पालथे घालायचे आणि शेवटचे कडवे म्हणायचे:

पान सुकलं, दोरा सुटला, सूप झालं पालथं,
... पोचली घरला, आता कुणाचं चालतं.

दुसऱ्या ओळीच्या आरंभी नावाएवढी जागा मोकळी सोडायची. तेवढ्या वेळात दीडशे जणींचे हात थांबत. सगळ्या दिवसात ती एकच घटका अशी असे, की शेडमध्ये कात्रीचाही आवाज नसे.

“नाव हाय तवर ती बाई जाग्यावर बसलेलीच असती,” जयाबाई सांगतात. “मेली तरी. तिला उठाय येत न्हाय.”

१९८९च्या दिवाळीनंतर सुवर्णाला खोकल्याने धरले. शेडमधल्या धुरळ्याने अनेकींना धरले होते तसेच. तीन महिने तिचे नाव चढलेले होते आणि सूप रोज भरत होते. फेब्रुवारीत ती गेली. मागे मंगल ही सहा वर्षांची मुलगी राहिली.

याच सुमारास बेळगावातल्या शहापूर भागात कॅसेटचे दुकान चालवणाऱ्या आण्णाप्पाने जयाबाईंना बोलावणे धाडले. महिलांच्या एका मेळाव्यात त्याने हे गाणे ऐकले होते. ठरलेला दिवस सुवर्णाच्या नवव्याचा निघाला. जयाबाई चौघी सोबतिणींना घेऊन एसटीने गेल्या. दुकानाच्या मागे गोणपाट लावलेली एक खोली होती. आण्णाप्पाने दोनदा ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “बाई, हे नाव जरा बदलूया की. राधा घाला. लई गोड बसतंय.”

“जी आलेली न्हाय तिचंच घालाय पायजे,” जयाबाई म्हणाल्या.

“कोण आली न्हाय?”

“सुवर्णा.”

“येईल की मग उद्या. येवढं काय त्यात!” आण्णाप्पा हसला आणि त्याने यंत्र सुरू केले.

चौघींपैकी कोणीही त्याला काही सांगितले नाही. जयाबाईंच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. नाव तेराव्यापर्यंत चढलेले होते. नवव्याला ते न घेणे म्हणजे मैत्रिणीची हजेरी आपल्याच तोंडाने खोडणे. म्हणून त्यांनी नाव घेतले. मूळ ध्वनिफितीत प्रत्येक वेळी नावानंतर लाकडावर नख वाजल्यासारखी टकटक ऐकू येते. चौघींच्या हातात विड्या नव्हत्या, म्हणून त्या स्टुलाच्या कडेवर बोट टेकवत होत्या. यंत्रातून काढलेल्या एखाद्या वाद्याची ती करामत असावी, असे एका अभ्यासकाने लिहिले आहे.

चौथ्या दिवशी, तेराव्याला, शेडमध्ये नाव रीतसर उतरले. सूप पालथे झाले. सुवर्णाच्या जागी अक्काताई नावाची नवी बाई बसू लागली. सहा महिने गेले, गणेश चतुर्थी आली, आणि कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर जयाबाईंचाच आवाज लागला.

पुढचे क्षणभरात घडले. नाव ऐकताच दीडशे बायकांचे हात सवयीने चालले. जवळपासच्या वीसपंचवीस जणींच्या विड्या सुवर्णाच्या जागेकडे, म्हणजे अक्काताईच्या मांडीत जाऊन पडल्या. अक्काताई किंचाळून उठली, सूप तिथेच टाकून बाहेर पळाली आणि पुन्हा त्या जागेवर बसली नाही. त्या जागेवर पुढे कोणीच बसायला तयार होईना.

“उतरलेलं नाव पुन्ना चढवलंस की गं, जये,” वयाने सर्वांत मोठी असलेली यल्लव्वा म्हणाली. “आता उतरव.”

“उतरवतो की. शेवटचं कडवं पुन्ना म्हणतो.”

“हितं म्हणून काय उपेग? तिथं म्हटलंस, तिथंच उतरलं पायजे.”

यल्लव्वाच्या या निवाड्यावर शेडमध्ये दुमत झाले नाही. जयाबाई पुन्हा शहापूरला गेल्या. त्यांनी आण्णाप्पाला शेवटचे कडवे म्हणून दाखवले. त्याने मान हलवली.

“बाई, मधी रिकामं ऱ्हातंय हे. टेप खराब हाय म्हणून लोकं कॅसेट परत आणून टाकतील माझ्या तोंडावर. तिथं काहीतरी भरा. ढोलकी तरी भरूया.”

“भरलं तर उतरत न्हाय.”

“काय उतरत न्हाय?”

जयाबाईंनी रीत समजावून सांगितली. आण्णाप्पा मनाने वाईट नव्हता. त्याने ऐकून घेतले, चहा पाजला आणि तो म्हणाला, “जयाक्का, कॅसेट लोकांच्या घरात गेली. ती मी कशी उतरवू?”

त्यानंतरचा गाण्याचा इतिहास म्हणजे त्या मोकळ्या जागेच्या भयाचा इतिहास आहे. १९९३मध्ये बेळगावच्या एका ब्रास बँडने चाल उचलली. शब्द गेले आणि नावाच्या ठिकाणी क्लॅरिनेटची लांब तान आली. सहा वर्षांनी एका ऑर्केस्ट्राने ते कन्नडमध्ये नेले, ‘सुवर्णा इवत्तु बरलिल्ल’. तिथे ते प्रथमच पुरुषाच्या तोंडी गेले, पाने आणि सूप गळाले आणि नदीकाठ आला. त्याच ऑर्केस्ट्राने ते नव्या शब्दांसह मराठीत परत आणले. आपले मूळ आपण घेऊन आलो, असे मराठी ऐकणाऱ्यांना वाटले. कणकुंबीच्या रस्त्यावरल्या एका ढाब्यात त्याची कोकणी चालही ऐकायला मिळते. भाषा बदलल्या, ठेका दुप्पट झाला, पण नाव मात्र कोणीच बदलले नाही.

शेड २००१मध्ये बंद झाली, तेव्हा सुवर्णाचे लहान सूप जयाबाईंनी घरी आणले. कारखान्याचा माणूस घरोघरी पाने आणि तंबाखू देऊन विड्या गोळा करू लागला. हजेरीबुक गेले, ओळी गेल्या, त्यांच्याबरोबर नाव चढवायची रीतही गेली. बायका एकेकट्या उंबऱ्यांत बसू लागल्या आणि गाणे रेडिओवर ऐकू लागल्या. यल्लव्वा त्याच वर्षी वारली. तिचे नाव चढवायला चार जणीसुद्धा एका जागी नव्हत्या.

मंगलचे लग्न २००४मध्ये उचगावात झाले. घर शेतकऱ्याचे, माणसे बरी. मांडवात ऑर्केस्ट्रा होता. कोणीतरी फर्माईश केली आणि गायक हातात माइक घेऊन थेट नवरीसमोर येऊन गुडघ्यावर बसला व ‘सुवर्णा, सुवर्णा’ असे आळवू लागला. जयाबाई बायकांच्या पंगतीत होत्या. मंगलने त्यांच्याकडे एकदाच पाहिले. पुढच्या वर्षी हे गाणे सुनेच्या आईवरचे आहे असे सासूच्या कानावर आले, तेव्हा तिने विचारले, “तुझ्या आईवर गाणं केलंय म्हणं कुणी. काय केलतं तिनं असं?”

“विड्या वळल्या,” मंगल म्हणाली.

“विड्या वळणाऱ्या बाईवर कोण गाणं करतंय?” सासू म्हणाली. मंगलने जयाबाईंशी बोलणे सोडले, ते अठरा-एकोणीस वर्षे.

ती परत आली २०२४च्या जानेवारीत. तिची मुलगी स्वरूपा शाळेच्या संमेलनात त्या गाण्यावर नाचली होती. बेळगावच्या वडगाव भागातल्या साईराजने केलेले डीजेचे नवे रूप तोवर सगळीकडे पोचले होते.

“माझी पोरगी आज्जीच्या नावावर नाचली, मावशी,” मंगल उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. “तिला काय ठावं न्हाय. आनि मीबी टाळ्या वाजवल्या. सगळी वाजवत हुती. आता उतरव ते नाव. कसंबी करून उतरव.”

जयाबाईंच्या घशातून तेव्हा आवाज येत होता, गाणे येत नव्हते. पन्नास वर्षांचा धुरळा छातीत होता. “एका कडव्यापुरता दम हाय,” त्या म्हणाल्या. “एकदा हुईल. दोनदा न्हाय.”

साईराजला शोधणे अवघड नव्हते. वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडचा अर्धा भाग भिंत घालून त्याने स्टुडिओ केला होता. भिंतीपलीकडे दोन माग अजून साड्या विणत होते. म्हणून तो वीज गेल्यावर, माग थांबल्यावर, इन्व्हर्टरवर ध्वनिमुद्रण करी. मूळ गायिका जिवंत आहे हे कळल्यावर तो जयाबाईंच्या पाया पडला.

“मावशी, तुमच्यामुळं माझं नाव झालं.”

“तुझं झालं. आमचं उतरव,” जयाबाई म्हणाल्या. तो हसला. त्याला हा विनोद वाटला.

मार्चमधला हा भेटीचा दिवसच नाव उतरवायचा होता, म्हणून दोघींनी सकाळपासून सुवर्णाचे नाव उच्चारले नव्हते. साईराजला समजावून सांगायचे तर ते उच्चारणे भाग होते. मंगल एवढेच म्हणाली, “शेवटचं एक कडवं ऱ्हायलंय. तेवढं घ्या. जसं म्हणतील तसंच घ्या.”

अकरा वाजता वीज गेली. माग थांबले. जयाबाईंनी पिशवीतून लहान सूप काढून समोर पालथे घातले. पहिल्या खेपेला खोकला आला. दुसऱ्या खेपेला ‘पालथं’वर दम तुटला. तिसऱ्या खेपेला, ज्याला गाणे म्हणता येईल की नाही अशा कोरड्या आवाजात, त्यांनी पहिली ओळ पुरी केली. मग त्या थांबल्या. मंगलनेही श्वास रोखला. नावाएवढी जागा तशीच गेली. मग ‘पोचली घरला, आता कुणाचं चालतं’ आले आणि संपले.

परतीच्या एसटीत जयाबाईंनी मंगलच्या हातचे अर्धे केळे खाल्ले. “आता उठली असंल गं ती,” त्या म्हणाल्या. मंगलने केळ्याचे साल हातातच धरून ठेवले. निपाणी येईपर्यंत टाकायचे तिला सुचले नाही.

त्या आठवड्यात लहान सूप पालथेच होते. गल्लीतून गाणे एकदा गेले, तेव्हा जयाबाईंचा हात उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

नवव्या दिवशी साईराजने गाणे लोकांसमोर ठेवले आणि मंगलला फोनवर निरोप पाठवला. तो असा होता: “मावशींचा आवाज एका ठिकाणी गेलता, नाव सुटलं होतं. जुन्या कॅसेटमधनं त्यांचाच आवाज घेऊन तिथं बसवलाय. जोड कळतसुद्धा न्हाय.”

जोड खरोखर कळत नाही. चौतीस वर्षांपूर्वीची जयाबाई, भरल्या गळ्याची, ‘सुवर्णा’ म्हणते आणि आजची जयाबाई, कोरड्या गळ्याची, ‘पोचली घरला’ म्हणते. मधे श्वासाचीही फट नाही.

मंगलने त्याला फोन करून सगळे सांगितले. “मला सांगायचं न्हाय व्हय, आक्का?” एवढेच त्याला बोलता आले. तासाभरात त्याने आपल्याकडचे गाणे काढून टाकले. पण तोवर ते इतरांनी उचलले होते. प्रेयसी शेवटी घरी आली, गाण्याचा शेवट गोड झाला, म्हणून लोकांना ते आवडले. यंदाच्या लग्नसराईत नवरी सासरच्या उंबऱ्यावर माप ओलांडते, त्या वेळी नेमकी तीच ओळ लावतात.

साईराज दोनदा निपाणीला आला. पुन्हा घेऊया म्हणाला, यंत्रावर आवाज उभा करतो म्हणाला. जयाबाईंनी तोंड उघडून दाखवले. ओठ हलले, फुंकर आली. मार्चमध्ये त्या म्हणाल्या होत्या तसेच झाले होते. जिने चढवले तिनेच उतरवायचे, आणि तिच्याकडे आता आवाज नव्हता.

मंगल हल्ली महिन्यातून एकदा येते आणि पाने कापून देते. एकदा तिने विचारले, “तुझं कोण चढवणार, मावशी? मी चढवू? मला येतंय आता.”

जयाबाई कुजबुजल्या. मंगलला कान जवळ न्यावा लागला.

“जागा कुठं हाय गं? तिथं ती बसलीया.”

वेशीकडून वरात येत होती. बाजा जवळ येईपर्यंत दोघी पाने मोजत बसल्या. नाव आले तेव्हा जयाबाईंनी दोरा तोडला, लहान सूप उलटून सरळ केले आणि विडी त्यात टाकली. मंगलने तोंडाला पदर लावला, मग तिनेही एक टाकली.